शिरकेवाल्याची बाळी

हाओ शौरन चाळिशीला टेकला होता. त्याला मिशी होती, पोट होतं, हनुवटीखाली आणखी एक हनुवटी होती, वडिलांनी मागे ठेवलेलं शिरक्याचं, म्हणजे व्हिनेगरचं, दुकान होतं आणि डाव्या कानात चांदीची बाळी होती. बाकी कशाबद्दल गावात कुणी काही बोलत नसे.

शौरनच्या आधी त्या घरात तीन मुलगे जन्मले आणि गेले. एक महिन्याचा व्हायच्या आत, एक दात येताना, आणि एक तर चांगला अंगणभर धावायला लागल्यावर. पोरं उचलून नेणारं भूत मुलांवर टपलेलं असतं, मुलींकडे ते ढुंकूनही बघत नाही, हे चीनच्या शानशी प्रांतातल्या त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. भूत झालं तरी त्याला व्यवहार कळतोच की. म्हणून चौथा मुलगा झाल्यावर आईने त्याच्या कानाची पाळी सोयाबीनच्या दोन दाण्यांमध्ये धरून बधिर होईपर्यंत चोळली, तेलात बुडवलेला लाल दोरा सुईने आरपार ओढला आणि भोक सुकल्यावर सोनाराकडून चांदीची बाळी घालून घेतली. पोर वाढलं तशी मोठी बाळी आली. शेवटच्या बाळीची टोकं तर सोनाराने एकमेकांत वळवून ठोकूनच टाकली. वर फुलाफुलांचा अंगरखा, आणि हाक मारायला नाव 'यातौ'. यातौ म्हणजे पोरगी.

"भुताला वाटतं ही मुलगी," आई सांगायची. "आणि समजा ओळखलंच त्याने, तर ही वेसण आहे. वेसण घातलेलं जनावर कुणाला ओढून नेता येत नाही."

म्हणजे आपण एकतर मुलगी आहोत, नाहीतर बैल, असं शौरनला लहानपणीच कळून चुकलं होतं.

इतर मुलांच्या बाळ्या बाराव्या वर्षी देवळात नेऊन थाटामाटाने काढत. शौरनची काढायच्या दिवशी सकाळपासून त्याचं पोट बिघडलं. आईच्या मते तो इशारा होता. शौरनच्या मते ती आदल्या दिवशी चोरून खाल्लेली कच्ची बोरं होती, पण तो गप्प बसला. काढायला तो स्वतःही घाबरत होता. मग लग्नात काढू म्हणाले. लग्नात आई रडायला लागली. चेहऱ्यावरचा लाल पदर वर झाल्यावर नव्या नवरीने, जिनरुईने, नवऱ्याच्या कानाकडे एकदा निरखून बघितलं आणि विचारलं, "आपल्यात नवरी कोण, एवढं आधी ठरवू या का?"

ही गोष्ट शौरन स्वतःच गिऱ्हाइकांना सांगायचा. लोकांनी हसायच्या आधी आपणच हसून घ्यावं, ही विद्या त्याने लहानपणीच कमावली होती. जुने मास्तर दुकानात आले की पालुपद लावत, "शरीर, केस, कातडी आईबापांनी दिलेली असते, तिला भोक पाडू नये. पूर्वीचे राजेलोक मणीसुद्धा कानाशेजारी नुसते लोंबते ठेवायचे, का माहीत आहे? कुणाची चुगली कानावर घेऊ नये, याची आठवण राहावी म्हणून. तुझी बाळी कशाची आठवण करून देते?"

"त्याचीच, मास्तर," शौरन माप भरता भरता म्हणायचा. "पण एकाच कानात आहे ना. चुगल्या मी दुसऱ्याने ऐकतो."

बादशाही बुडाली, प्रजासत्ताक आलं आणि बादशाहीच्या हुकमाने ठेवलेल्या शेंड्या कापणारी सरकारी माणसं गावात आली. शौरनने सगळ्यात आधी मान पुढे केली. नुसती मान देऊन तो थांबला नाही. देवळाच्या पायरीवर उभं राहून त्याने अंधश्रद्धेवर भाषण ठोकलं. जुनं ते टाका, डोळे उघडा, वगैरे वगैरे. टाळ्या पडणार एवढ्यात मागून त्याची थोरली बहीण त्सुइफिंग ओरडली, "अरे यातौ, आणि कानातलं ते काय आहे?"

"ही अंधश्रद्धा नाही, ताई," शौरन म्हणाला. "ही सवय आहे."

त्या दिवशी टाळ्यांऐवजी हशा पडला. शौरनच्या मते भाषण तरीही चांगलंच झालं होतं.

शौरनला एकच मूल. माइसुई, म्हणजे गव्हाची ओंबी. मागच्या वसंतात तिचे कान टोचले तेव्हा शौरन तिचा हात धरून बसला होता. सुई एका बाजूने आत जाऊन दुसऱ्या बाजूने बाहेर आली आणि शौरन आडवा झाला. शुद्धीवर आला तेव्हा मुलगी त्याच्या तोंडावर पाणी मारत होती.

"बाबा, तुमचा एकच कान का टोचलाय?"

"दुसऱ्यासाठी धीर पुरला नाही, बाई."

त्या वर्षी हिवाळा कडक पडला. शिरकेवाल्यांना असा हिवाळा आवडतो. अंगणातल्या रांजणांवर बर्फ धरतं, ते रोज सकाळी काढून फेकायचं, पाणी निघून जातं आणि खाली राहतो तो दाट, काळा, जिभेला झोंबणारा माल. म्हातारा कामगार वू आणि शौरन रोज लाकडी झाऱ्यांनी बर्फ उचलायचे. अशाच एका सकाळी जिनरुई दारात येऊन म्हणाली, "माइसुईचं अंग तापलंय."

गोवर होता. गावात बऱ्याच घरी आला होता. ज्यांचे पुरळ उठले ती पोरं बरी झाली. माइसुईचे उठेनात. अंग भट्टीसारखं, श्वास कापडावर घासावा तसा, आणि कातडी मात्र कोरी. चियाओ वैद्य आले, नाडी बघितली आणि दाढीवरून हात फिरवत राहिले. वैद्य दाढीवरून हात फिरवायला लागला की घरच्यांचे पाय गळतात.

"विष आत अडकलंय," ते म्हणाले. "झाऊच्या झुडपाच्या काड्यांचा काढा पाजा, कोथिंबीर उकळून त्या पाण्याने अंग पुसत राहा. पुरळ बाहेर आले पाहिजेत. उद्यापर्यंत आले, तर मग काळजी नाही."

नाही आले तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायचं धाडस शौरनने केलं नाही. जिनरुईने विचारलं. वैद्यांनी चपला शोधायला सुरुवात केली.

शौरनची आई खालून आच दिलेल्या विटांच्या ओट्यावर नातीच्या पायाशी माळ ओढत बसली होती. "काही होत नाही," ती म्हणाली. "मुलीच्या जातीला काही होत नाही. मुलींकडे कोण बघतंय?"

हे वाक्य शौरनने जन्मभर ऐकलं होतं. आजवर त्याला ते उबदार वाटायचं, कापसाच्या अंगरख्यासारखं. आज ते ऐकताना त्याचं लक्ष माइसुईच्या कानांकडे गेलं. दोन कान, दोन्हींत चांदीच्या बारक्या बाळ्या. आपल्या कानात एक आणि हिच्या कानांत दोन. बाळीने भूत टळत असेल तर हिच्यापासून दुप्पट लांब पळायला हवं होतं. मुलीकडे कुणी बघत नाही म्हणावं, तर मग हिच्या उशाशी हे कोण येऊन बसलंय?

दुपारी त्सुइफिंग आली. ती दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि आली की आधी भावाची चेष्टा, मग चहा, असा तिचा रिवाज होता. आज तिने दोन्ही टाळलं. अस्तन्या वर केल्या, जिनरुईच्या हातातून फडकं घेतलं आणि पोरीचं अंग पुसायला बसली. जिनरुई आणखी पाणी तापवायला गेली. म्हातारीचा माळ ओढता ओढता डोळा लागला.

"ताई," शौरन हळूच म्हणाला, "तुला आला होता का ग गोवर?"

"आला होता की. तुझ्याबरोबरच. तुझ्याभोवती आई, आजी, बाबा, मांत्रिक, ताशे. आम्ही दोघी मागच्या खोलीत, सरपणाशेजारी. वू काकांची बायको पाणी आणून द्यायची."

"दोघी कोण?"

"मी आणि शियाओमान."

"शियाओमान कोण?"

बहिणीने त्याच्याकडे असं बघितलं की शौरनला कधी नव्हे ते एकही विनोद सुचेना.

"तुझ्याहून चार वर्षांनी मोठी. तू तिच्या कडेवर असायचास. बाळी धरून ओढायची तुझी, की तू भोकाड पसरायचास. त्याच गोवरात गेली. तू बरा झालास म्हणून त्या दिवशी देवळात शेवया वाटल्या, तेव्हा ती मागच्या खोलीत होती. मी होते तिच्याजवळ."

"आई तर म्हणते तीनच गेले."

"आई मुलगे मोजते." त्सुइफिंगने फडकं पिळलं. "भूतबित काही फसत नाही रे, यातौ. ते मुलीही नेतं. आपण मोजत नाही, एवढंच."

शौरन उठून बाहेर आला.

बर्फ भुरभुरत होतं. तो रांजणांच्या रांगांमधून चालत राहिला. त्याचं डोकं फार तल्लख कधीच नव्हतं, हे तो स्वतःच चारचौघांत सांगायचा; पण त्या दुपारी ते एका जागी येऊन घट्ट बसलं. भूत मुलासाठी घरात शिरलं. शोधलं, मुलगा दिसेना. एवढ्या लांब येऊन हात हलवत कसं परतणार? हाताला लागलं ते घेऊन गेलं. शियाओमानला नेलं. आणि आता पुन्हा आलंय, पुन्हा शोधतंय आणि हा चाळीस वर्षांचा घोडा कानात बाळी घालून भिंतीआड मुलगी बनून बसलाय.

या विचारात चार तरी चुका असतील. देवळाच्या पायरीवर उभं राहून त्याने स्वतःच त्या दाखवून दिल्या असत्या. पण देवळाची पायरी लांब होती आणि मुलीचा श्वास इथे ऐकू येत होता.

"वू काका," त्याने हाक मारली. "पक्कड आणा."

वू झारा टेकवून उभा राहिला. "कशाला, मालक?"

"बाळी काढायचीय."

वूने त्याला खालीवर न्याहाळलं. "मालक, तुम्ही जरा झोपा."

"आणा म्हणतो ना!"

पक्कड आली. पण कान शौरनच्या बाकीच्या देहासारखाच भरला होता आणि बाळी त्या मांसात रुतून बसली होती. वूने तेल लावलं, मग घरचाच शिरका चोळला. शौरनने डोळे मिटले, दात खाल्ले आणि गल्लीभर ऐकू जाईल असा टाहो फोडला.

"मालक, अजून लावलीच नाही."

"मग लवकर लावा ना, बाबा!"

कट्ट असा आवाज झाला. दुसऱ्यांदा कट्ट. वूने तुटलेली चांदी त्याच्या तळहातावर ठेवली. एवढीशी होती. शौरनला वाटायचं आपण जन्मभर काहीतरी जड वागवतोय. हातात आली तर शेंगेच्या फोलपटाएवढी.

आता पुढे काय, हे त्याने ठरवलं नव्हतं. भुताला कळवायचं कसं? तो अंगणाच्या मधोमध गेला, टोपी काढली, डावा कान आभाळाकडे केला आणि ओरडला.

"ऐका! मी मुलगा आहे!"

बर्फ पडत राहिलं.

"मी हाओ घराण्याचा मुलगा आहे! चौथा! इतकी वर्षं फसवलं तुम्हाला! मी पोरगी नाही, पोरगा आहे! शोधताय तो मीच! आत झोपलीय ती खरोखरची मुलगी आहे, तिचा यात काही संबंध नाही! मला न्या!"

शेजारच्या भिंतीवरून सोयाबीनचं पनीर विकणाऱ्या बाईचं डोकं वर आलं. "माहीत आहे हो आम्हाला! कुणी नाही म्हटलं का?"

"तुम्हाला नाही सांगत, वहिनी!"

"मग हळू सांगा की. आमचा नातू दचकला."

एवढ्यात आई दारात आली. तिने लेकाचा रिकामा कान बघितला आणि उंबऱ्यावरच बसली. "अगं बाई गं! माझ्या यातौला कुणी उघडं केलं! वू, मेल्या, तुझे हात झडोत!" वू पक्कड पाठीमागे लपवून रांजणाआड झाला. शौरन मोठ्याने बोलला होता, पण आता कुणी खरंच न्यायला आलं तर आपण पळून जाऊ, अशी त्याला दाट शंका होती. म्हणून तो रांजणाचा काठ धरून उभा राहिला. पाय हलले तरी हात सुटू नयेत.

जिनरुई वाफाळतं पातेलं घेऊन आली. नवऱ्याकडे बघितलं. कानातून ओघळलेल्या रक्ताकडे बघितलं. तिच्या ओठांचं काहीतरी व्हायला लागलं, हसू की रडू ते तिलाही ठरवता आलं नसावं.

"ओरडून झालं असेल तर आत या," ती म्हणाली. "चुलीपाशी माणूस नाही."

तो आत गेला आणि अंधार पडेपर्यंत कोथिंबीर उकळत बसला.

माइसुईच्या कानामागे लाल ठिपका पहिल्यांदा त्सुइफिंगला दिसला. मग मानेवर, मग पाठीवर. सकाळी उजाडलं तोवर पोरगी डोक्यापासून पायापर्यंत लालभडक झाली होती आणि पेज मागत होती. चियाओ वैद्य आले आणि म्हणाले, झाऊचा काढा असा आहे! आई म्हणाली, देवी पावली. पनीरवाल्या वहिनी म्हणाल्या, माझा नातू दचकला तसं भूतही दचकलं असणार. शौरन काहीच म्हणाला नाही, कारण त्याला ताप भरला होता.

टोपी न घालता बर्फात उभं राहिल्यावर कुणालाही ताप येतो. पण शौरनला कळून चुकलं की सौदा मान्य झाला. तो ओट्यावर आडवा पडला, हात छातीवर जुळवले आणि निरवानिरव करायला लागला. दुकान जिनरुईने चालवावं. माइसुईला शाळेत घालावं, पावलं लहान राहावीत म्हणून तिचे पाय कुणी बांधू नयेत. वू काकांनी त्याची लांडग्याच्या कातड्याची टोपी घ्यावी. "आणि मला," तो क्षीण आवाजात म्हणाला, "शेवटच्या शेवया, भरपूर शिरका घालून."

दोन वाडगे खाल्ले. मग वैद्यांनी नाडी बघितली.

"सर्दी आहे."

"नीट बघा हो."

"साधी सर्दी."

"नुसती सर्दी?" शौरनचा आवाज थोडा दुखावलेला होता.

चार दिवसांत तो ठणठणीत झाला. एवढ्या लोकांचा निरोप घेऊन झाल्यावर जगत राहणं किती लाजिरवाणं असतं, ते त्याला तेव्हा कळलं. दुकानात येणारा प्रत्येक जण विचारी, "काय, हाओशेठ, जायचं रद्द?" तो म्हणे, "त्यांनी माल बघितला आणि परत पाठवला. म्हणाले, वजन फार आहे." टोपी मात्र गेली ती गेलीच. वू ती घालून ऐटीत बर्फ उपसायचा. शौरनने एकदा खाकरून बघितलं. वू म्हणाला, "मरणाऱ्याची इच्छा मोडू नये, मालक."

आईने कितीतरी दिवस त्याच्याशी धड बोलणं केलं नाही. सोनाराकडून बाळी सांधून आणली आणि एका सकाळी त्याच्यापुढे धरली. "घाल. झालं गेलं विसरले मी."

"नको, आई."

चाळीस वर्षांत आईला 'नको' म्हणायची ही पहिलीच वेळ. दोघंही थोडे घाबरले.

"मग तुला राखणार कोण?"

"मला बघून भूतच राखण मागेल," तो म्हणाला, आणि ती हसली नाही म्हणून मग त्याने विचारलं, "आई, शियाओमान कशी होती?"

म्हातारीने बाळी मुठीत मिटली. "डावरी होती," ती म्हणाली. "डाव्या हाताने जेवायची. मी मारायची तिला त्यावरून." आणि उठून आत गेली.

वसंतात पितरांच्या कबरी झाडायचा दिवस आला. घराण्याच्या जागेत लहान मुलींना माती मिळत नसे. त्यांना गावाबाहेरच्या उतारावर कुठेतरी नेऊन ठेवत. तिथे दगड नव्हता की खूण नव्हती. शौरन, त्सुइफिंग आणि माइसुई तिघं पाव आणि मेलेल्यांसाठी जाळायचे कागदी पैसे घेऊन तिकडे गेले. आई आली नाही, पण पुरचुंडी बांधताना तिने त्यात चार सुकी बोरं जास्त टाकली, ती कुणाला दिसली नसतील असं तिला वाटलं.

"कुठे ठेवायचं?" शौरनने विचारलं.

"मला काय माहीत. मी आठ वर्षांची होते. बाबांनी सोबत नेलं नाही."

मग त्यांनी वाऱ्याचा आडोसा बघून एका झुडपाखाली कागद पेटवले. माइसुईने पाव मांडले आणि विचारलं, "आत्याबाईंना डाव्या हाताशी ठेवायचे ना?" शौरन वाकायला गेला, पोट मधे आलं आणि उतारावरून घसरून तो पार खालच्या काटेरी झाडापर्यंत बसल्या बसल्या पोचला. वरून त्सुइफिंग हसायला लागली. कंबर धरून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि मग बराच वेळ तिचं ते पाणी थांबलं नाही. शौरन अंगातले काटे काढत खालीच बसून राहिला. माइसुई उतरून आली आणि त्याला हात देऊन उठवायला लागली. ते काही तिच्या एकटीच्याने होण्यासारखं नव्हतं.